सत्कार करू की नको?

प्रश्न: आमच्या दांडिया बाजारच्या मंडळाने ५ जूनला, पर्यावरण दिनाला, जवळच्या एका कंपनीचा सत्कार ठरवलाय, सोलर लावलंय, पाणी रिसायकल करतात, झाडं पण लावलीत. भाषण माझ्या गळ्यात. पण माझा भाचा तिथेच कॉन्ट्रॅक्टवर आहे, १२ तास ड्युटी आणि ओव्हरटाइम सिंगल रेटने! काय बोलू? – एक वाचक, बडोदा

उत्तर: काकू, झाडांचं कौतुक करा की, खरंच लावली असतील तर, त्यात खोटं काही नाही. फक्त "आदर्श कंपनी" म्हणू नका. ओव्हरटाइमला दुप्पट दर हा कायदा आहे, १९४८च्या फॅक्टरी ॲक्टपासून, कोणाची मेहरबानी नाही. आणि शेअर बाजारातल्या टॉप १००० कंपन्यांना सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून जबाबदार कारभाराचा जो रिपोर्ट (BRSR) सक्तीचा केलाय ना, त्यात सहावं तत्त्व पर्यावरणाचं पण तिसरं कर्मचाऱ्यांच्या भल्याचं, म्हणजे दोन्ही एकाच कागदावर. तुमची कंपनी त्यात असेल तर रिपोर्ट वेबसाइटवर सापडेल, वाचून जा. भाच्याचं नाव मात्र स्टेजवर अजिबात घेऊ नका, कॉन्ट्रॅक्टवाल्याला उद्यापासून येऊ नको म्हणायला किती वेळ लागतो! पगाराच्या स्लिपा जपून ठेवायला सांगा त्याला, लेबर ऑफिसात त्याच लागतात.