गोगलगाय, शिंपला आणि पोटातले पाय

म्हापशाच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: हिंद महासागराच्या तळाशी लोखंडी खवल्यांची एक छोटी गोगलगाय राहते. तिच्याविषयीच्या एका लेखात तिला 'शिंपला' म्हटलंय, ते बरोबर का? की 'शंख' म्हणावं?

शिंपला अजिबात नाही. हा घोळ ऐकून कान किटले. शिंपला दोन झडपांचा. तिसऱ्यो, शिनाणे, कालवं हे सगळे शिंपले. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेच्या जागी बसवलेल्या त्या दुधी चकत्याही शिंपल्याच्याच. मडगावच्या बाजारात शिनाण्यांचा वाटा घेताना कुणी त्यांना शंख म्हणत नाही, मग लिहिताना उलटी चूक का व्हावी? गोगलगायीचं कवच एकच आणि पिळाचं, म्हणजे शंख. पण ते झालं तिचं घर. आतल्या जीवाला गोगलगायच म्हणा, परसातली असो की समुद्रातली.

आता मूळ शब्द. 'गाय' कशावरून, तर शिंगांवरून आणि गरीब चालीवरून. यात वाद नको. 'गोगल'चं नातं काही जण डोळ्यांवरच्या गॉगलशी लावतात, ते मात्र सोडून द्यावं. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात गोगलगाय आहे. तेव्हाच्या शेतकऱ्याने बांधावरच्या जीवाचं नाव इंग्रजी चष्म्यावरून ठेवलं, हे मला पटत नाही. माझ्या मते 'गोगल' हा हिंदीतल्या 'घोंघा'चा भाऊबंद आहे.

खरा ऐवज आहे तो म्हणीत: 'गोगलगाय नि पोटात पाय'. अर्थ सांगणारे लगेच सांगून मोकळे होतात, दिसायला गरीब, आतून बेरकी. हा अर्थ नंतरचा, असं माझं ठाम मत आहे. म्हण आधी शरीर सांगते. पावसाळ्यात खिडकीच्या काचेवर चढलेली गोगलगाय घरातून पाहा. सगळं पोट काचेला चिकटलेलं असतं आणि त्यावरून बारीक आडव्या लाटा शेपटीकडून डोक्याकडे सरकत जातात. पाय शोधायला गेलात तर पोटच सापडतं. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिए याने १७९५ साली या वर्गाला जे नाव दिलं ते गॅस्ट्रोपोडा. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट, पोडोस म्हणजे पायाचा. आपले शास्त्रलेखक 'उदरपाद' म्हणतात. तीच गोष्ट म्हणीने चार शब्दांत सांगितली आहे. बेरकीपणाच मूळ अर्थ मानणाऱ्यांनी एवढंच सांगावं: गरीब दिसणारे प्राणी इतके असताना पोटातले पाय नेमके हिच्याच वाट्याला का आले?

आणि शिक्षिकाबाईंची ती गोगलगाय तर म्हणीला पुढे नेते. क्रायसोमॅलॉन स्क्वॅमिफेरम हे तिचं नाव, शास्त्रीय वर्णन २०१५ चं. ती २००१ साली कैरेई नावाच्या उष्ण झऱ्यांपाशी सापडली, सुमारे २,४०० मीटर खोल. आकार फार तर साडेचार सेंटिमीटर. पायाच्या बाजूंना कौलांसारखे एकावर एक खवले आणि त्यांवर लोहाच्या सल्फाइडचा थर. अन्नासाठीही तिला हिंडावं लागत नाही, अन्ननलिकेतल्या मोठ्या ग्रंथीत राहणारे जिवाणू तिला पोसतात. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ साली तिची नोंद संकटग्रस्त जातींत झाली. मराठीत तिला 'खवलेपायी गोगलगाय' म्हणावं. वर्गात शिकवताना म्हणही सांगावी, आणि आधी पायाचा अर्थ सांगावा.