मराठी साइटवर टूल म्हणतंय भाषेचा कोड इनव्हॅलिड आहे, सगळीकडे इंग्लिशचा टाकून मोकळं व्हावं का?

नाही हो, तसं अजिबात करू नका. तुम्ही लिहिलंय की जुन्या डेटाबेसमधून आलेल्या पानांवर लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, म्हणजे पान कुठल्या भाषेत आहे हे सांगणाऱ्या एचटीएमएलच्या खुणेत, वाट्टेल ते भरलंय, कुठे एमए, कुठे एमएआर, कुठे एमएच, कुठे अंडरस्कोरवालं एमआर_आयएन, आणि ब्राउझरमध्ये तर सगळं नीट दिसतं मग काय बिघडतं. नीट दिसतं कारण कोड ओळखू आला नाही तरी ब्राउझर एरर देत नाही, कुठलीतरी अनोळखी भाषा आहे असं समजून पुढे जातो. बिघडतं ते ऐकणाऱ्याचं.

मी एका पतसंस्थेची साइट सांभाळायचो, थीम कुठल्यातरी हिंदी साइटवरून उचललेली, त्यामुळे लँगमध्ये हिंदीचा एचआय तसाच राहिलेला. कोड एकदम व्हॅलिड, त्यामुळे कुठलंच टूल ओरडलं नाही. मग एका अंध खातेदाराने शाखेत येऊन फोनवर पान ऐकवलं, मजकूर मराठी पण स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तारीख वाचतोय "उनतीस" आणि हप्ता "उनचास सौ". एकोणतीस नाही, एकोणपन्नासशे नाही. ते म्हणाले दरवेळी मनात भाषांतर करून आकडा पक्का करावा लागतो. पैशाचा मामला आहे, मला फार वाईट वाटलं. तुम्ही मराठी पानांना इंग्लिशचा कोड लावलात तर टूल गप्प बसेल पण त्रास याच जातीचा होईल.

आता तुमचे कोड. बीसीपी ४७ म्हणजे भाषांचे कोड कसे लिहायचे हे ठरवणारं प्रमाण, त्याचा नियम असा की भाषेला दोन अक्षरी कोड असेल तर तोच वापरायचा, म्हणून मराठी म्हणजे एमआर, तीन अक्षरी एमएआर तिथे चालत नाही (कोकणीला दोन अक्षरी नाहीच, म्हणून तिथे केओके बरोबर). अंडरस्कोर सर्व्हरच्या लोकेलमधून, म्हणजे भाषा-देशाच्या सेटिंगमधून येतो, वेबपेजमध्ये डॅश लागतो. एमए नावाची भाषाच नाही. सगळ्यात फसवा एमएच, गाडीच्या नंबरप्लेटमुळे लोक महाराष्ट्र म्हणून टाकतात, पण भाषेच्या जागी तो मार्शलीज आणि देशाच्या जागी मार्शल आयलंड्स, म्हणजे एमआर-एमएच लिहिलंत तर मार्शल बेटांवरची मराठी झाली, आणि हे व्हॅलिडसुद्धा आहे!

कोड तपासायला जावास्क्रिप्टचं इंटल डॉट गेटकॅनॉनिकललोकेल्स हे फंक्शन वापरा, अंडरस्कोर दिसला की ते एरर फेकतं, एमएआरचं एमआर करून देतं, पण एमए किंवा एमएच निमूट पास करतं कारण कोड खरंच नोंदलेला आहे का, पानाशी जुळतो का, हे ते बघत नाही. म्हणून डेटाबेसमधले सगळे वेगवेगळे कोड एकदा काढा, आयएएनएच्या सबटॅग रजिस्ट्रीशी, म्हणजे मान्य कोडच्या अधिकृत यादीशी, ताडून बघा, आणि प्रत्येक कोडची चार-पाच पानं स्वतः उघडून वाचा, त्याशिवाय एमएचच्या आत मराठी आहे की इंग्लिश हे कळणार नाही. मग जुना कोड-नवा कोड असा तक्ता करून बदला. भाषा ठरवताच येत नसेल तर लँग रिकामा ठेवा, एचटीएमएलमध्ये रिकाम्याचा अर्थच "भाषा माहीत नाही" असा आहे, अंदाजाने काही भरण्यापेक्षा ते बरं. रोमन लिपीत टाइप केलेली मराठी असेल तर एमआर-एलएटीएन, त्यात एलएटीएन हा रोमन लिपीचा कोड.

आणि कोड नीट झाला की एक गोष्ट डोळ्यांनाही दिसेल. नोटो सान्स देवनागरीसारख्या फाँटमध्ये मराठीसाठी वेगळे ल आणि श आहेत, ते लँग बघूनच लागतात. एमआर लावलं की उभ्या दांड्याचा ल जाऊन आपला पाकळीचा ल येतो, तोच जो २००९ च्या शासन निर्णयात दिलाय. "लाल" असा शब्द मोठ्या अक्षरात टाकून आधीचं आणि नंतरचं पान शेजारी ठेवून बघा.

सुरुवात हेडरच्या टेम्प्लेटपासून करा, माझ्याकडे तिथली एक ओळ बदलल्यावर जवळपास सगळी साइट सुधारली, उरलेली पानं हाताने केली.