'मॅनिफेस्टो' ऐकण्यापूर्वी

रॉक्सी म्युझिक हा ब्रिटिश रॉक बँड नव्याने ऐकू लागला असाल, तर त्यांचा १९७९ चा 'मॅनिफेस्टो' हा अल्बम सर्वप्रथम हाती घेऊ नका. १९७२ चा पहिला अल्बम आणि सिंथेसायझर वाजवणारे ब्रायन ईनो यांचा सहभाग असलेला शेवटचा, म्हणजे १९७३ चा 'फॉर युअर प्लेझर' आधी ऐका; त्यांतील विक्षिप्त, खरखरीत ध्वनी कानात मुरला, की १९७६ मध्ये थांबलेला हा बँड परतल्यावर इतका मवाळ का वाटतो, हे न सांगता उमगेल. अनेक जुने चाहते या मवाळपणाला तडजोड म्हणतात. मला ते पटत नाही, कारण बँडचे मुख्य गायक ब्रायन फेरी यांच्या गायनातील प्रणयी हळवेपणा पूर्वीही होताच, फक्त आता त्याच्याभोवतीचा गोंगाट ओसरला होता. 'मॅनिफेस्टो'मधील 'डान्स अवे' या गीतात हे विशेष जाणवते.

प्रत निवडताना मात्र सावध राहा. याच अल्बममधील 'एंजल आइज' या गीताचे मूळ रूप रॉक वळणाचे आहे, तर सिंगल म्हणून, म्हणजे स्वतंत्र तबकडीवर, आलेले रूप डिस्को धाटणीचे असून नंतरच्या काही आवृत्त्यांत तेच घातलेले आहे. मूळ रूप शोधून ऐका आणि मगच १९८२ च्या 'अॅव्हलॉन'कडे वळा.