पिकअपच्या मागच्या डिफरन्शियलमधून लोखंडाचे तुकडे निघाले, नवीन ऑइल भरून गाडी चालवू का?

नका चालवू. निदान ते दोन मोठे तुकडे कुठून तुटले हे कळेपर्यंत तरी नाहीच.

तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेल्या पिकअपच्या हाउसिंगचं (मागच्या एक्सलच्या मधला लोखंडी गोळा, ज्यात डिफरन्शियलचे गिअर असतात) ऑइल पहिल्यांदाच सोडलं, ड्रेन प्लगवर, म्हणजे ऑइल सोडायच्या बुचावर काळा चिखल होता, आणि ऑइलबरोबर करंगळीच्या नखाएवढे दोन तुकडे नि थोडा चमकता चुरा आला. आवाज 'फारसा नाही', म्हणून ओळखीच्या मेकॅनिकने ऑइल भरून वापरा असं सांगितलं. मी पिंपळगाव बसवंतला बावीस वर्षं पिकअप आणि छोट्या टेम्पोंचीच कामं करतो. द्राक्षाच्या हंगामात हाउसिंग उघडायची पाळी सारखी येते. त्या अनुभवावरून सांगतो: आवाज नाही याचा अर्थ अजून वेळ आहे, एवढाच.

तुकडे फेकले नसतील तर जपून ठेवा. सोडलेलं ऑइल अजून डब्यात असेल तर तेही जुन्या सुती धोतरातून गाळून घ्या. जे हाती लागेल ते डिझेलने धुवा, पांढऱ्या कागदावर मांडा आणि उन्हात नेऊन नीट बघा.

प्लगवरच्या काळ्या चिखलाची भीती नको. बोटात चोळल्यावर तो ग्रीससारखा मऊ लागला तर ती रोजची झीज आहे. क्राउन (आतला मोठा गिअर) आणि टेल पिनियनचे (त्याला फिरवणारा छोटा गिअर) दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, ते घसरतातही, आणि त्यातून निघणारी पूड धरून ठेवायलाच प्लगला चुंबक असतं. बोटाला कचकच लागली तर मात्र ती झीज राहिली नाही.

चमकत्या चुऱ्यात अभ्रकासारख्या पातळ, चपट्या पापड्या आहेत का बघा. असतील तर बेअरिंगच्या कपाचा (रोलर ज्यात फिरतात ते बाहेरचं कडं) किंवा रोलरचा पापुद्रा सुटायला लागलाय. सुईसारखे बारीक कीस असतील तर दातांवर ऑइलचा थर टिकलेला नाही आणि लोखंड लोखंडाला ओरबाडतंय.

आता मोठे तुकडे. दाताच्या तुकड्याची एक बाजू गुळगुळीत, किंचित वळलेली आणि घासून चकाकणारी असते, तर दुसरी फोडलेल्या गुळासारखी रवाळ, करडी. ती तुटलेली बाजू भिंगाखाली धरा. सगळीच रवाळ असेल तर दात एका दणक्यात तुटलाय: भरलेल्या गाडीचा चढावर झटक्यात सोडलेला क्लच, किंवा चिखलात गरगर फिरणारं चाक एकदम कोरड्या जमिनीला लागणं. शिंपल्यावर असतात तशा एकामागे एक वळणदार रेघा दिसल्या, तर तडा बरेच दिवस आत सरकत होता. रोजच्या जादा मालाची ती खूण, आणि शेजारच्या दातांतही तडे असण्याची शक्यता धरूनच चाला.

तुकडा कुठल्या गिअरचा हेही आकारावरून कळतं. क्राउन-पिनियनचे दात लांब आणि वळणदार असतात. आतल्या स्टार गिअर आणि सन गिअरचे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे गिअर) आखूड, जाड नि सरळ. गाडी सरळ रस्त्यावर असते तेव्हा हे आतले गिअर एकमेकांवर जवळजवळ फिरतच नाहीत. वळणावर फिरतात, आणि एक चाक चिखलात फिरत राहिलं की अतोनात फिरतात. मागच्या दोन टायरांच्या मापात फरक असेल तर ते सरळ रस्त्यावरही दिवसभर कामाला लागतात. तुम्ही गाडी वापरलेली घेतलीय, तेव्हा मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे आहेत का ते आजच बघा.

चुंबकाला न चिकटणारा पिवळसर तुकडा असेल तर तो बहुधा थ्रस्ट वॉशरचा, म्हणजे आतल्या गिअरच्या पाठीमागच्या चकतीचा.

आणि पातळ, वाकलेला पत्र्याचा तुकडा. दिसायला सगळ्यात किरकोळ, पण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. तो बेअरिंगच्या जाळीचा, म्हणजे रोलर जागेवर धरून ठेवणाऱ्या पत्र्याचा असतो. जाळी फुटली की रोलर मोकळे होतात, आणि एखादा दातांमध्ये गेला की चाकं जागच्या जागी जाम. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एका बागायतदाराची गाडी आली होती. असाच एक पत्र्याचा तुकडा निघाला, आवाज नव्हता, हंगाम ऐन भरात होता. मी हाउसिंग धुतलं, ऑइल भरलं आणि गाडी सोडली. पाचव्या दिवशी राहुड घाटात भरल्या गाडीचं पिनियन जाम झालं. गाडी फरफटत कडेला गेली, क्रेट रस्त्यावर विखुरले. माणसं वाचली. त्यानंतर मी तुकड्याचा मालक सापडल्याशिवाय एकही गाडी सोडलेली नाही.

न चालवता घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ओट (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावा, मागचा भाग उचलून एक्सलखाली पक्के स्टँड द्या, नुसत्या जॅकवर काम करू नका. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. आता प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून हाउसिंगपर्यंत येणारा लांब दांडा) हाताने सावकाश फिरवा. समजा क्राउनला ४१ आणि पिनियनला ९ दात आहेत, तर मागची दोन्ही चाकं एकदा फिरायला शाफ्टला सुमारे साडेचार फेरे लागतील. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा अडखळलं तर दोष पिनियनकडे, चाकाच्या पूर्ण फेऱ्याला एकदाच अडखळलं तर क्राउनकडे. नंतर पिनियनच्या फ्लँजला (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती) धरून वर-खाली हलवा. गोल फिरवताना थोडा ढिलेपणा असतोच, पण वर-खाली जरासुद्धा हललं तर पिनियनचं बेअरिंग गेलं. पिनियनचं सील (ऑइल अडवणारी रबरी कडी) गळत असेल तर पुढच्या बेअरिंगवर आधी संशय घ्या. ऑइल कमी झालं की पहिलं उपाशी तेच राहतं.

यात काही सापडलं नाही तरी हाउसिंग उघडायचंच आहे. कारण तुकडे जुनेही असू शकतात. एका गाडीत मला दाताचे तीन तुकडे मिळाले आणि आतले सगळे दात शाबूत! आधीच्या मालकाने क्राउन-पिनियन बदलून घेतलं होतं, पण एक्सलच्या नळ्या कुणी धुतल्याच नव्हत्या. तुमचंही तसंच निघालं तर खर्च थोडक्यात आटपेल, फक्त त्या जुन्या तुकड्यांनी नव्या दातांवर खळगे पाडलेत का ते बघावं लागेल.

गॅरेजला नेताना एक चूक बरेच जण करतात. प्रोपेलर शाफ्ट सोडतात आणि गाडी मागच्या चाकांवर ओढत नेतात. शाफ्ट सोडला तरी चाकं फिरली की क्राउन-पिनियन फिरणारच. मागची चाकं उचलून न्या, किंवा तुमचा एक्सल फुल फ्लोटिंग (गाडीचं वजन एक्सल शाफ्टवर न येता हबवर येतं असा) असेल तर दोन्ही एक्सल शाफ्ट ओढून काढा, हबची तोंडं झाका, मग ओढा.

उघडल्यावर मेकॅनिकच्या शेजारी उभे राहा. बेअरिंगच्या कॅपना (बाजूची बेअरिंग बोल्टने धरून ठेवणारे अर्धगोल तुकडे) डावी-उजवी खूण करूनच त्या सोडू द्या, त्यांची अदलाबदल चालत नाही. दात निळसर पडले असतील तर ते तापलेत, वापरू नका. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा नंबर असतो. खर्च वाचवायला एकच बदलून चालणार नाही. पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये दबणारी स्लीव्ह (आवळताना चेपणारी नळी) असेल तर ती प्रत्येक वेळी नवीच. जोडणी झाल्यावर दातांना शेंदूर लावून फिरवायला सांगा. ठसा दाताच्या मध्याजवळ उमटला पाहिजे, अगदी टोकाला किंवा बुडाशी नाही. क्राउन-पिनियनमधला ढिलेपणा डायल गेजने (सूक्ष्म माप दाखवणारं काट्याचं मापक) मोजून घ्या. माप तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलं धरा, पण साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर ही अशा एक्सलची नेहमीची मर्यादा. 'हाताला बरोबर लागतंय' यावर समाधान मानू नका.

ऑइलबद्दल. दुकानात नुसतं '९० नंबर द्या' म्हणू नका, डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय ते वाचून घ्या. गिअरबॉक्ससाठीचं जीएल-४ इथल्या घसरत्या दातांना पुरत नाही. हाउसिंगवरचा ब्रीदर (हवा जायची-यायची छोटी वाट) चिखलाने बुजला असेल तर मोकळा करा. तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात एकदम गार होतं आणि ब्रीदर बंद असला की सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग ऑइल दुधाळ होतं आणि बेअरिंगला गंज धरतो.

तुकड्यांचा उन्हातला फोटो इथे टाका, शेजारी मोजपट्टी ठेवून आणि दोन्ही बाजूंनी काढलेला. बघून सांगतो कुठले वाटतात. आणि दुरुस्तीनंतर ५०० किलोमीटरला ऑइल पुन्हा सोडा, तेही कापडातून गाळून बघा.