केमो सुरू असताना मुलाला चालू-खेळू द्यायचं का?

कॅन्सरचे उपचार चालू असलेल्या मुलांच्या आईवडिलांशी मी समुपदेशक म्हणून बरीच वर्षं बोलते आहे. निदानाचा पहिला हादरा जरा ओसरला की एक प्रश्न हमखास येतो, "मॅडम, त्याला चालू द्यायचं का, की पडूनच राहू दे?" विचारणाऱ्याला बहुतेकदा 'पडूनच राहू दे' हेच उत्तर हवं असतं. आजारी माणसाला अंथरुणातून उठू न देणं म्हणजे त्याची सेवा, अशी आपली समजूत. दोन दिवसांच्या तापात ती चालून जाते. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार मात्र बऱ्याचदा दोन-अडीच वर्षं चालतात, आणि तेही नेमके अंग वाढायच्या वयात.

सांगलीकडचा एक मुलगा आठवतो. वय १३, शाळेच्या कबड्डी संघातला. लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा जो रक्ताचा कॅन्सर, तोच त्याला झाला होता. मायलेक परळजवळच्या धर्मशाळेत राहत होते. वडील गावी ऊस सांभाळून अधूनमधून यायचे. मुलगा बोलत नाही, जेवत नाही, फिजिओथेरपिस्ट आले की भिंतीकडे तोंड करतो, म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं होतं.

आईचा सूर चढलेला होता. "मॅडम, त्याच्या अंगात रक्त न्हाई, पेशी खाली गेल्यात. आन् ते सर म्हणतात चालव. पडला म्हणजे?"

मी तिला व्यायामाचे फायदे सांगत बसले नाही. नुसत्या माहितीनं भीती जात नाही, असं माझं ठाम मत आहे. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, यावर माझा विश्वास आहे. म्हणून तो अर्थ शोधत गेले.

"पडला, तर पुढं काय येतं मनात?"

"हातचा जाईल."

"आणि नुसता झोपून राहिला तर?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग माझ्याकडनं काय चुकलं, असं तरी कुणी म्हणणार न्हाई."

असे आईबाप मी खूप पाहिलेत. मूल पलंगावर असेपर्यंत त्यांना दोष लागणार नसतो. त्यांच्या मायेत खोट नसते, पण त्या पलंगावरून मुलाला काय दिसतं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

ते मला मुलानंच सांगितलं. आधी आम्ही फक्त कबड्डीवर बोलत होतो, कोण चढाईला जायचं, पकडीला कोण पुढे असायचं. मग एकदा मी विचारलं, "उठावंसं वाटत नाही का रे?"

"उठून काय करू? आमच्या आजोबांना शेवटी असंच ठेवलं होतं. पाणीबी चमच्यानं पाजायचे. आई मलाबी ग्लास उचलू देत न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खरं सांगा मॅडम. माझंबी तसंच हाय का?"

आजाराबद्दल त्याला कुणी धड काही सांगितलं नव्हतं. त्यानं ते आईच्या हातांवरून ताडलं होतं. मी त्याला आजार काय आहे, औषधं कशासाठी आहेत आणि डॉक्टर तो बरा व्हावा म्हणून उपचार करताहेत, हे सरळ सांगितलं. मग विचारलं, "ही आजोबांची गोष्ट आईला सांगशील?"

पुढच्या भेटीत त्यानं सांगितली. आईला रडू कोसळलं. "आरं, तू बरा व्हावास म्हणून करते मी सगळं."

"मग मला उठू दे की."

मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. अशा क्षणी गप्प राहणं ही कमावण्याची गोष्ट आहे आणि मी ती कमावली आहे, एवढं समाधान मला आहे. त्या एका वाक्यानं जे केलं, ते माझ्या तासभर समजावण्यानं झालं नसतं. मुलाला हालचाल करू दिली की 'तू यातून पुढं जाणार आहेस' हा निरोप त्याच्यापर्यंत पोचतो. तोंडी धीर देऊन तो तितका पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी आईनं स्वतःहून फिजिओथेरपिस्टना गाठलं. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाऊल वर-खाली करणं, मग व्हरांड्यात फेरी. काही दिवस तो काहीच करू शकला नाही, आणि तेही चालतं.

आता थोडं कारणांबद्दल. व्हिन्क्रिस्टीन या केमोच्या औषधानं पायांच्या नसांवर परिणाम होतो, पाऊल उचलताना लटकतं, मूल अडखळतं. स्टिरॉइडनं मांड्यांचे स्नायू झिजतात, हाडं कमकुवत होतात, जमिनीवरून उठणं जड जातं. त्यात पडून राहिलं की भर पडते. केमोचा थकवाही नुसत्या विश्रांतीनं जात नाही, थोड्या चालण्यानं बऱ्याच मुलांचा तो हलका होतो. जगभरातल्या तज्ज्ञांनी मिळून २०२१ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. कॅन्सर झालेल्या प्रत्येक मुलानं झेपेल तशी हालचाल करावी, हाच त्यांचा गाभा आहे.

झेपेल तशी, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवायचं. आज पेशी किती आहेत, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) उतरल्यात का, हाडांची किंवा हृदयाची काही अडचण आहे का, हे दर भेटीत विचारा. प्लेटलेट्स कमी असताना धक्काबुक्कीचे, पडण्याचे खेळ नकोत, कबड्डीसुद्धा नको. छातीत पोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) किंवा दंडात लाइन (शिरेत घातलेली नळी) असेल तर तिथं मार किंवा ताण बसू देऊ नका. पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दी टाळा. चक्कर, धाप, छातीत किंवा खुब्याच्या सांध्यात दुखणं, कुठूनही रक्त येणं, यांपैकी काही दिसलं की थांबा आणि डॉक्टरांना कळवा. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल तर लगेच रुग्णालय गाठा, सकाळची वाट पाहू नका.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते. उपचारांत त्यांच्या हातातलं सगळंच गेलेलं असतं. सुई कधी, जेवण कोणतं, शाळा केव्हा, सगळं दुसरे ठरवतात. तिथं 'व्यायाम कर' हा आणखी एक हुकूम नको. "आज जिन्यापर्यंत जायचं की खिडकीपर्यंत?" असं विचारा. तो "आज नको" म्हणाला तर तेही मान्य करा, आणि संध्याकाळी पुन्हा विचारा.