मस्कतला जन्म, दाखला मात्र गावचा?

प्रश्न : आमची मुलगी १४ महिन्यांपूर्वी मस्कतला जन्मली. आम्ही दोघंही भारतीय नागरिक. बाळ बरेच दिवस रुग्णालयात होतं, त्या धावपळीत दूतावासात नोंद करायची राहिली. आता जन्मनोंदणी ऑनलाइन झाली आहे, तर परत आल्यावर नगरपालिकेचा दाखला काढता येईल का? मामा म्हणतात, जन्म गावातच झाला असं दाखवू.

उत्तर : मामांचा सल्ला आधी डोक्यातून काढा. खोटी माहिती देऊन जन्म नोंदवणं हा गुन्हा आहे. त्या दाखल्यावर पासपोर्ट मागितलात, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मुळात पासपोर्टशिवाय मुलीला मस्कतहून आणणार कशी?

तुमची अडचण दाखल्याची नाही, नागरिकत्वाची आहे. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेलं मूल केवळ आईवडील भारतीय म्हणून नागरिक ठरत नाही. जन्मापासून एका वर्षात भारतीय वकिलातीत नोंद लागते. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमची मुलगी आज भारतीय नागरिक नाही. हे वाचून धक्का बसेल, पण परवानगीचा रस्ता कायद्यानेच ठेवला आहे.

तेव्हा मस्कतच्या दूतावासातच कलम ४ खाली अर्ज करा. मुलीकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं तुम्हाला जाहीर करावं लागेल. उशिराचं कारण मोघम लिहू नका. रुग्णालयाचे कागद तारखांसह जोडा. ओमानच्या जन्मदाखल्यातलं तुमच्या नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळतंय ना, ते आजच बघा. अर्ज तिथेच अडकतात. परवानगी येईपर्यंत तिकिटं काढू नका, तिथला व्हिसाही चालू ठेवा.

आता नगरपालिकेबद्दल. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम २०(२) मध्ये सोय आहे : वकिलातीकडून माहिती आलेली नसेल आणि आईवडील स्थायिक व्हायला परतले असतील, तर मूल भारतात आल्यापासून ६० दिवसांत इथे नोंद करता येते. पण त्यातून मिळतो तो जन्माचा दाखला, नागरिकत्व नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नोंदणी डिजिटल केली आणि शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हा दाखला पुरावा ठरवला, तोही जन्माच्या तारखेचा नि ठिकाणाचा. दूतावासातली नोंद एकदा महानिबंधकांकडे पोचून नोंदली गेली, की कलम २०(१) प्रमाणे ती याच कायद्याखालची मानली जाते. मग नगरपालिकेच्या पायऱ्या चढायची गरजच उरत नाही.