मुंबई प्रांतात एकाच मतदारसंघातून दोन-तीन आमदार खरंच निवडून यायचे का?

एकाच मतदारसंघातून दोन-तीन आमदार निवडून येत आणि मत देताना हातात दोन मतपत्रिका मिळत, असं तुमचे आजोबा सांगायचे, ते अगदी खरं आहे. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत 315 जागा होत्या, पण मतदारसंघ होते 268. त्यातले 222 एका जागेचे, 45 दोन जागांचे आणि एक चक्क तीन जागांचा. दोन जागांच्या मतदारसंघात प्रत्येकाला दोन मतं असत, म्हणून आजोबांच्या हातात दोन मतपत्रिका आल्या. हे असं का होतं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ 1862 साली भरलं तेव्हा मतदारसंघ ही गोष्टच नव्हती. जगन्नाथ शंकरशेटांसारखे सभासद गव्हर्नर नेमत असे. 1892 च्या कायद्यानंतर नगरपालिका, लोकल बोर्डं, विद्यापीठ अशा संस्थांना नावं सुचवण्याचा हक्क मिळाला. फिरोजशहा मेहता, टिळक आणि गोखले याच वाटेने आत गेले. 1909 मध्ये मुसलमानांसाठी वेगळे मतदारसंघ आले. सामान्य शेतकऱ्याला या कशातच स्थान नव्हतं.

खरा बदल 1919 च्या कायद्याने झाला. थेट निवडणूक आली, पण मत फक्त जमीनमहसूल किंवा कर भरणाऱ्यांना. म्हणजे गावातले बहुतेक लोक बाहेरच. मराठा आणि तत्सम जातींसाठी मात्र या प्रांतात 7 जागा राखीव ठेवल्या गेल्या, आणि आपल्याकडे याची आठवण फार कमी लोकांना आहे. या जागांसाठी मतदारयादी वेगळी नव्हती. अनेक जागांच्या मतदारसंघात सगळे मिळून मत देत आणि किमान एक जागा मराठा उमेदवाराला जाई, मग त्याचा क्रमांक खाली असला तरी. जोड-मतदारसंघाची, म्हणजे एकाच मतदारसंघात सर्वसाधारण आणि राखीव जागा एकत्र ठेवण्याची कल्पना आपल्या भागात अशी रुजली. अस्पृश्य समाजाला मात्र निवडून येण्याची एकही राखीव जागा मिळाली नाही. त्यांचा माणूस सरकारने नेमायचा. बाबासाहेबही 1927 मध्ये कौन्सिलात बसले ते सरकारनियुक्त सभासद म्हणूनच.

मग 1932 चा पुणे करार झाला. अस्पृश्यांसाठी जाहीर झालेले स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी त्यांच्या राखीव जागा वाढल्या. मुंबईच्या वाट्याला 15 आल्या. 1935 च्या कायद्याने विधानसभा 175 जागांची झाली, आणि ती यादी मी जेव्हा वाचतो तेव्हा तो सगळा समाज डोळ्यासमोर उभा राहतो. सर्वसाधारण 114 (त्यातच या 15 आणि मराठ्यांच्या 7), मुस्लिम 29, व्यापार-उद्योगाच्या 7, कामगारांच्या 7, बायकांच्या 6, युरोपियन 3, ख्रिस्ती 3, अँग्लो-इंडियन 2, विद्यापीठाची 1, मागास भाग आणि जमातींची 1. शिवाय 2 जागा जमीनदारांच्या: एक दख्खनच्या सरदार-इनामदारांची, एक गुजरातच्या. मूठभर इनामदारांना एक आमदार आणि सगळ्या आदिवासी मुलखालाही एकच! हा अन्याय आकड्यांत स्पष्ट दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. अनेक जागांच्या मतदारसंघात मतं कशी टाकायची, यावर निकाल फिरतो. 1937 मध्ये मुंबई प्रांतात मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता येत. त्यामुळे संख्येने कमी पण एकजूट असलेला समाज आपल्या मनातला माणूस निवडून आणू शके. बाबासाहेब भायखळा-परळमधून निवडून आले आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने पहिल्याच निवडणुकीत डझनाहून अधिक जागा जिंकल्या. केवळ राखीव जागांमुळे हे झालं असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मत एकवटण्याची मुभा नसती तर राखीव जागेवर कोण बसणार, हे बाकीच्या मतदारांनीच ठरवलं असतं.

1952 मध्ये नेमकी ती मुभा गेली. दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची असा नियम आला. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या तर एक बाद. लोकसभेच्या उत्तर मुंबई या दोन जागांच्या (एक सर्वसाधारण, एक राखीव) मतदारसंघात बाबासाहेब आपल्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन या पक्षातर्फे राखीव जागेसाठी उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी त्यांच्या पुढे गेले. त्याच मतदारसंघात 74 हजारांहून अधिक मतं बाद झाली होती. बाबासाहेब आणि तिथलेच समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्जही केला, पण निकाल बदलला नाही. पराभवाला इतर कारणंही होती, काँग्रेसची लाट मोठी होती. तरी नियमाचा वाटा विसरून हा निकाल वाचणं मला बरोबर वाटत नाही.

दोन जागांची पद्धत पुढे फार टिकली नाही. 1957 मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम या लोकसभेच्या दोन जागांच्या मतदारसंघात राखीव जागेबरोबर सर्वसाधारण जागाही अनुसूचित जमातीच्या उमेदवाराने जिंकली आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि गिरी तिथेही हरले. 1961 मध्ये कायदा करून असे सगळे मतदारसंघ मोडले. मोठ्या द्वैभाषिक मुंबई राज्याच्या 396 जागांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला 264 आल्या होत्या, आणि 1962 साली त्या सगळ्या एका मतदारसंघाला एक आमदार अशाच लढवल्या गेल्या. आजच्या 288 जागा 1978 च्या निवडणुकीपासून आहेत.

आजोबांचा तालुका कोणता ते कळवलंत तर 1952 आणि 1957 च्या निकालांत तो मतदारसंघ शोधणं सोपं आहे. निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत दोन जागांच्या मतदारसंघाखाली दोन विजयी नावं छापलेली असतात.